दरायसचा प्रश्न

हिरॉडोटसच्या इतिहासग्रंथाच्या तिसऱ्या भागात एक लहानशी गोष्ट आली आहे. इराणचा सम्राट दरायस याने एकदा आपल्या दरबारातील ग्रीकांना बोलावून विचारले, की किती द्रव्य दिले असता तुम्ही आपल्या मृत वडिलांचे मांस खाल? ग्रीकांनी उत्तर दिले, की कितीही दिले तरी नाही. मग त्याने कॅलॅशिअन नावाच्या एका हिंदी जमातीच्या लोकांना बोलावणे पाठविले. या लोकांत मृत आईबापांचे देह भक्षण करण्याची चाल होती, असे हिरॉडोटस सांगतो. ते खरे की ऐकीव, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. त्या ग्रीकांच्या समक्ष दुभाष्यामार्फत दरायसने या लोकांना विचारले, की किती द्रव्य घेऊन तुम्ही आपल्या वडिलांचे प्रेत जाळाल? ते ऐकताच त्यांनी मोठ्याने आकांत केला आणि असले अभद्र तोंडातून काढू नका, अशी सम्राटाला विनवणी केली.

ही गोष्ट वाचताना आपली मोठी चमत्कारिक अवस्था होते. आपण हिंदी खरे, पण या कथेत आपली जागा ग्रीकांच्या रांगेत आहे. ज्या कृतीला आपण शेवटचा संस्कार म्हणतो, ती कृती कोणा माणसांना ऐकवतही नव्हती. प्रत्येकाला आपापली रूढीच सर्वांत चांगली वाटते, असे तात्पर्य हिरॉडोटस यावरून काढतो आणि पुढे जातो. ते तात्पर्य खोटे नाही, अपुरे आहे. दरायसने किंमत विचारली; कारण विचारले नाही. दोन्ही पक्षांनी 'नाही' म्हटल्यावर त्याचे कुतूहल संपले. ज्यात प्राण उरलेला नाही अशा देहाचे काय करावे, एवढ्या एका प्रश्नावर माणसे इतकी हट्टाला का पेटतात, हे विचारण्याचे काम पुढे सुमारे चोवीसशे वर्षांनी समाजमानवशास्त्राने अंगावर घेतले.

या शास्त्राविषयी आपल्याकडे असा एक समज आहे, की दूरच्या बेटांवरील आणि रानांतील लोकांच्या चालीरीतींची टिपणे ठेवणे एवढेच त्याचे काम, आणि बेटे व राने नाहीशी होत चालल्यावर त्याचेही काम संपले. मला हा समज चुकीचा वाटतो. गेल्या दहाबारा वर्षांतील दोन साथींमध्ये सरकारे, डॉक्टर, न्यायालये आणि सामान्य माणसे यांच्यात जे झगडे झाले, त्यांतील पुष्कळसे दरायसच्या प्रश्नाभोवतीच फिरत होते. ते समजून घ्यायला विषाणुशास्त्र पुरे पडले नाही.

रोबेर हर्ट्झ या तरुण फ्रेंच अभ्यासकाने 1907 साली मृत्यूविषयी एक दीर्घ निबंध लिहिला. हर्ट्झ पुढे 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला, तेव्हा तो अवघा तेहतीस वर्षांचा होता. निबंधाचा मुख्य आधार म्हणजे बोर्निओ बेटातील डायाक लोकांची प्रेतसंस्काराची पद्धत. (बोर्निओला तो स्वतः कधी गेला नव्हता. इतरांनी लिहिलेली वर्णने ग्रंथालयात बसून वाचून त्याने हे लिहिले. क्षेत्रात जाऊन राहिल्यावाचून लेखणी उचलू नये हा दंडक मॅलिनोव्हस्कीनंतरचा.) डायाक लोक प्रेत प्रथम तात्पुरते ठेवतात. काही काळ, कधी कधी काही वर्षेही, ते तसेच राहते. मांस झडून अस्थी कोरड्या झाल्या म्हणजे मोठा उत्सव करून त्या अस्थी कायमच्या जागी नेतात. मधल्या काळात मृताचा आत्मा ना इथला ना तिथला असतो, आणि त्याचे आप्तही तसेच असतात. ते समाजात असून नसल्यासारखे राहतात, त्यांच्या खाण्यापिण्यावर, वेशावर आणि हिंडण्याफिरण्यावर बंधने असतात. दुसरा विधी झाला, की मृत पितरांत जातो आणि आप्त समाजात परत येतात.

हर्ट्झचे म्हणणे थोडक्यात असे, की देहाचा मृत्यू एका क्षणात होतो, पण समाजातला मृत्यू व्हायला वेळ लागतो. जो माणूस कोणाचा बाप, कोणाचा मामा, कोणाचा ऋणको होता, त्याला या सर्व नात्यांतून हळूहळू सोडवून घ्यावे लागते. विधी म्हणजे हे सोडविण्याचे काम. ते अर्धवट राहिले तर मृतही मधेच अडकतो आणि जिवंतही.

आपल्याकडे दहावा, बारावा, तेरावा आणि वर्षश्राद्ध यांचा क्रम ज्याने घरात एकदा तरी पाहिला आहे, त्याला यात नवे काय, असे वाटेल. नवे आहे ते एवढेच, की हा क्रम आपला एकट्याचा नाही. दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणारा, 'तुमची अमुक इच्छा पुरी करू' असे हात जोडून मोठ्याने सांगणारा आणि तरीही कावळा शिवेना म्हणून शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावणारा मराठी माणूस, आणि बोर्निओतील तो डायाक, हे दोघेही एकच काम करीत आहेत. दोघांनाही निरोप घ्यायचा आहे, आणि तो मृतानेही दिला पाहिजे. बुद्धिवादी मंडळींनी कावळ्याची पुष्कळ थट्टा केली आहे. तरुणपणी मीही केली आहे. परंतु त्या घाटावर माणसे मृताची राहिलेली इच्छा सर्वांदेखत बोलून दाखवितात, तिची जबाबदारी कोण घेणार हे सर्वांदेखत ठरते, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाचा किंवा राहत्या घराच्या वाटणीचा विषय तिथे जितका स्पष्ट निघतो तितका एरवी कधीच निघत नाही, हे थट्टा करताना आमच्या लक्षात आले नव्हते.

आता पश्चिम आफ्रिकेकडे वळू. डिसेंबर 2013 मध्ये गिनी देशाच्या अरण्यभागातील एका खेड्यात इबोलाची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता ती लायबेरिया व सिएरा लिओन या शेजारी देशांत पसरली. 2016 पर्यंत अठ्ठावीस हजारांहून अधिक लोकांना लागण झाली, अकरा हजारांहून अधिक मृत्यू पावले. या रोगाचे एक क्रूर लक्षण असे, की मृत्यूनंतर काही काळ प्रेत अत्यंत संसर्गकारक असते. त्या प्रदेशात मृताला आप्तांनी स्वहस्ते स्नान घालावयाचे असते. ते केल्याविना माणूस पितरांत जात नाही. प्रेम, कर्तव्य आणि रोग अशी तिन्ही एकाच स्पर्शातून जात होती. नव्या रुग्णांपैकी किमान एक पंचमांश लोकांना अंत्यविधीच्या वेळी लागण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2014 च्या नोव्हेंबरात सांगितले.

यावर पहिला उपाय झाला तो सरळ होता. पांढऱ्या संरक्षक पोशाखातील, चेहरा न दिसणारी माणसे गाडी घेऊन येत, प्रेत पिशवीत घालीत आणि घेऊन जात. कोठे पुरले, ते आप्तांना पुष्कळदा कळतही नसे. लायबेरियाच्या सरकारने ऑगस्ट 2014 मध्ये राजधानी मोनरोव्हिया येथे इबोलाच्या प्रेतांचे दहन करण्याची आज्ञा काढली. ज्या देशात कोणीच प्रेत जाळीत नाही तेथे दहनाची भट्टी कोठून आणणार? ती सापडली तेथील भारतीय वसाहतीच्या स्मशानात. आपल्या बांधवांनी आपल्या मृतांच्या सद्गतीसाठी बांधलेली ती जागा लायबेरियन लोकांना नरकासारखी वाटू लागली. दरायसच्या दरबारातील प्रसंग जणू पुन्हा घडला, पण या वेळी कोणी काही विचारले नाही.

परिणाम जो व्हायचा तोच झाला. लोक आजारी माणसे लपवू लागले, प्रेते रात्री गुपचूप पुरू लागले. पिशवी घेऊन येणारे लोक रोग बरा करायला येत नाहीत, माणसे न्यायला येतात, अशी समजूत पसरली. सप्टेंबर 2014 मध्ये गिनीतील वोमे या गावी रोगाविषयी माहिती देण्यास गेलेल्या पथकातील आठ जणांची हत्या झाली. वृत्तपत्रांनी त्या काळात अज्ञान, अंधश्रद्धा, अफवा हे शब्द पुनःपुन्हा वापरले. त्या खुनाचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु 'अज्ञान' या शब्दाने तो समजतही नाही. ज्यांच्या भीतीला कोणी ऐकून घेतले नव्हते अशी ती माणसे होती, आणि त्या भागात बाहेरून आलेल्यांनी माणसे पकडून नेल्याचा इतिहासही काही फार जुना नव्हता.

याच साथीत गिनीच्या किस्सी लोकांत एक गर्भवती स्त्री मरण पावली. तिचे दफन गर्भासह करणे गावाला मान्य नव्हते. गर्भ वेगळा केला नाही तर जन्ममरणाचे चक्रच बिघडते, अशी त्यांची श्रद्धा. आणि तो वेगळा काढणे म्हणजे काढणाऱ्याचे मरण, असे डॉक्टरांचे म्हणणे, आणि ते अगदी बरोबर होते. दोन्ही बाजू अडून बसल्या. जागतिक आरोग्य संघटनेबरोबर काम करणारी ज्युलियेन अनोको ही मानवशास्त्रज्ञ त्या वेळी तेथे होती. तिने व्याख्यान दिले नाही. तुमच्याकडे पूर्वी कधी असा प्रसंग आला असेल, गर्भ काढणे शक्यच झाले नसेल, तेव्हा तुमच्या वाडवडिलांनी काय केले, असे तिने गावकऱ्यांना विचारले. शोध घेता एक जाणता वृद्ध सापडला. अशा वेळी करावयाचा एक प्रायश्चित्तविधी त्याला ठाऊक होता. त्याचे साहित्य आणि खर्च आरोग्य संघटनेने पुरविला, विधी झाला आणि त्या स्त्रीचे दफन कोणालाही संसर्ग न होता झाले.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आपण 'परंपरा' हा शब्द एखाद्या बंद पेटीसारखा वापरतो. जशी आहे तशी घ्या, नाही तर फेकून द्या. अनोकोने दाखविले, की परंपरेतच अपवादाची सोय असते. आपल्या धर्मशास्त्रात आपद्धर्माचा स्वतंत्र विचार आहे. दर्भाचा कावळा तरी दुसरे काय आहे? ती सोय बाहेरच्याला दिसत नाही आणि आतल्यांनाही दर वेळी आठवत नाही. कोणीतरी आदराने विचारले तर आठवते.

नोव्हेंबर 2014 मध्ये आरोग्य संघटनेने 'सुरक्षित व सन्मानपूर्वक' दफनाचे नवे नियम काढले. त्यात 'सन्मानपूर्वक' हा शब्द शोभेसाठी नव्हता. आप्तांनी अंतरावरून पाहावे, प्रार्थना व्हावी, कफन घालता यावे, कबरीवर नावाची खूण असावी, असे त्यात आले. सिएरा लिओनमध्ये अनेक दशके काम केलेले मानवशास्त्रज्ञ पॉल रिचर्ड्स यांनी 2016 साली या साथीवर पुस्तक लिहिले. साथ आटोक्यात आली त्याचे मोठे श्रेय ते खेड्यापाड्यांतील लोकांना देतात. रोग कसा पसरतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आपल्या भाषेत त्यावर चर्चा केली आणि आपल्या वागण्यात बदल केला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेथील अंत्यविधींत काय काय गुंतलेले असते, हेही त्यांनी दाखविले आहे. पत्नीच्या माहेरचे विवाहाचे देणे बाकी असेल तर ते तिच्या दफनापूर्वी पुरे करावे लागते. म्हणजे प्रेत परस्पर उचलून नेणाऱ्या पथकाने नकळत दोन कुळांमधला हिशेबही कायमचा अर्धवट ठेवला होता.

हे सर्व मी वाचले होते, थोडेबहुत टिपूनही ठेवले होते. 2021 च्या एप्रिलमध्ये माझे थोरले बंधू येथे बडोद्यात करोनाने गेले. इस्पितळाने सांगितले, की प्रेत बांधलेले आहे, उघडता येणार नाही, तसा सरकारी नियम आहे. स्मशानात रांग होती. पुतण्या स्वतः आजारी होता, म्हणून अग्नी मी दिला. त्या वेळी माझ्या मनात हर्ट्झही नव्हता आणि इबोलाही नव्हता. पिशवीत दादाच आहेत ना, एवढा एकच विचार होता. तो आजही पूर्णपणे गेलेला नाही.

पुढे काही महिन्यांनी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे 15 मार्च 2020 चे मार्गदर्शक नियम माझ्या वाचनात आले. पिशवीची चेन चेहऱ्यापुरती उघडून आप्तांना अंत्यदर्शन घेऊ द्यावे, स्पर्श न करता मंत्रपठण, तीर्थ शिंपडणे असे विधी करू द्यावेत, अस्थी व रक्षा यांपासून धोका नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. इबोलाच्या साथीने शिकविलेले शहाणपण कागदावर पोचले होते. कागदापासून त्या इस्पितळाच्या दारापर्यंतचे अंतर मात्र कोणी ओलांडले नव्हते. त्या कर्मचाऱ्यांना दोष द्यावा, असे आता वाटत नाही. चौदा चौदा तास राबणाऱ्या माणसाला 'नियम नाही' हे वाक्य किती उपयोगी पडते ते समजते. समजते म्हणून ते बरोबर होते, असे मात्र होत नाही.

आमचे दुःख खाजगी होते. अन्यत्र याच प्रश्नाला राजकारण चिकटले. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने करोनाच्या सर्व मृतांचे, धर्म कोणताही असो, दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि काही तासांतच ते बदलले. श्रीलंकेने बदलले नाही. दफनाने रोग पसरतो याला पुरावा नसताना तेथे 2020 च्या एप्रिलपासून 2021 च्या फेब्रुवारीपर्यंत दहन सक्तीचे होते. वीस दिवसांच्या एका मुसलमान अर्भकाचे आईबापांच्या इच्छेविरुद्ध दहन झाले, तेव्हा कोलंबोतील स्मशानाच्या फाटकाला लोकांनी कफनाच्या पांढऱ्या चिंध्या बांधल्या. जुलै 2024 मध्ये तेथील सरकारने या धोरणाबद्दल माफी मागितली. राख झालेल्या देहाला माफी कशी पोचायची, हा प्रश्न उरतोच.

आमच्या गुजरातेत पारशी समाजापुढे वेगळाच पेच होता. प्रेत अग्नीला वा मातीला न देता दोखम्यात ठेवायचे, हा त्यांचा धर्म, आणि करोनाच्या नियमांत फक्त दहन वा दफन. सुरतच्या पारशी पंचायतीने उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे यश आले नाही. सर्वोच्च न्यायालयात मात्र 4 फेब्रुवारी 2022 रोजी सरकार आणि पंचायत यांच्या संमतीने एक कार्यपद्धती ठरली. पक्ष्यांनी प्रेताला शिवू नये म्हणून दोखम्यावर धातूची जाळी बसवायची, हा तिचा एक भाग. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे तशीही जवळजवळ नाहीशी झाली होती. म्हणजे ज्या विधीचा अर्धा आत्माच पक्षी होते, त्याने पक्ष्यांवाचूनही आपला आत्मा राखण्याची वाट काढली. समोरासमोर बसून विचारले, की वाट निघते. पण ती निघेपर्यंत दुसरी लाट ओसरून गेली होती, एवढे सांगितलेच पाहिजे.

येथवर वाचून कोणी विचारील, की प्रत्येक चाल 'आतून' समजून घ्यायची म्हटली तर मग निषेध कशाचा करायचा? विधवेला चितेवर चढविणे हीसुद्धा कोणाची तरी अंत्यविधीची परंपराच होती. हा आक्षेप गंभीर आहे, आणि मानवशास्त्रज्ञांनी त्याला दर वेळी नीट उत्तर दिले आहे, असे म्हणता येणार नाही. या शास्त्राचे स्वतःचे हात तरी कोठे स्वच्छ आहेत? मृतांच्या सन्मानाची आज एवढी चर्चा करणारे हे शास्त्र वसाहतींच्या काळात लोकांच्या पूर्वजांच्या कवट्या गोळा करीत होते. आपल्या इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या, तेव्हा त्यांच्या हाती अशाच कवट्या दिल्या गेल्या. गोऱ्या वंशाची श्रेष्ठता कवटीच्या असमान बाजूंवरून सिद्ध होईल, अशी गुरूंची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि तसा काहीही फरक आढळत नाही, असे निर्भयपणे लिहिले. त्या बर्लिनमधूनच 2011 साली नामिबियाच्या हेरेरो व नामा लोकांच्या वीस कवट्या त्यांच्या देशात परत गेल्या. 2024 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील एका लिलावाच्या यादीत एक नागा कवटी झळकली आणि नागालँडमधून तीव्र निषेध झाल्यावर ती मागे घेतली गेली. दरायस निदान किंमत विचारून थांबला होता.

तरीही आक्षेपाचे उत्तर आहे, आणि ते आमच्या बडोद्याशी नाते असलेल्या एका विद्यार्थ्याने फार पूर्वी दिले आहे. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींकडे त्यांनी वेगळ्याच नजरेने पाहिले. या चालींचे गोडवे गाणारे होते, धिक्कार करणारेही होते. त्या अस्तित्वात का आल्या हे कोणी विचारले नव्हते. आंबेडकरांचे उत्तर असे: जातीबाहेर लग्न होऊ द्यायचे नसेल तर जातीतील स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की एक स्त्री 'जास्त' होते. तिला एक तर त्याच्याबरोबर जाळायचे, नाही तर जन्मभर वैधव्यात ठेवून लग्नाच्या हिशेबातून काढून टाकायचे. म्हणजे या चालींचे खरे कारण पतिभक्ती नसून जातीची कुंपणे आहेत. समजून घेण्याची याहून कठोर रीत मला ठाऊक नाही. यात कोणाची निर्भर्त्सना नाही, पण निबंध वाचून झाल्यावर ती चाल पवित्र उरत नाही. निबंध वाचणारा हा तरुण पुढच्याच वर्षी बडोद्यात नोकरीवर आला आणि राहायला जागा न मिळाल्याने त्याला हे शहर सोडावे लागले, हे आम्ही बडोदेकरांनी विसरू नये.

आंबेडकरांच्या या निबंधाशेजारी हर्ट्झचा निबंध ठेवला म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. डायाक विधवेवर मधल्या काळात कडक बंधने असतात, पण दुसरा विधी झाला की ती सुटतात आणि ती पुन्हा विवाह करू शकते. आपल्याकडे तेराव्या दिवशी गोडाचे जेवण होते आणि मुलगे, भाऊ, पुतणे सुतकातून मोकळे होतात. मृतही मोकळा होतो. एक व्यक्ती तेवढी होत नाही. तिच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, जोडवी काढतात, आणि हे परत देणारा विधी कोठेच सांगितलेला नाही. विधवेला तेरावा नसतो. ज्या व्यवस्थेने मृताच्या राहिलेल्या इच्छा कावळ्याकरवी विचारण्याची सोय ठेवली, तिला जिवंत स्त्रीची इच्छा विचारावी असे सुचले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ हेरवाड नावाचे गाव आहे. करोनात अनेक घरांतले कर्ते पुरुष गेल्यानंतर, मे 2022 मध्ये तेथील ग्रामसभेने ठराव केला, की पतीच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरविण्यास सांगितले. ठरावाने सर्व काही बदलते, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. परंतु हे बाहेरून आलेल्या पथकाने केले नाही. गावाने आपलाच विधी पुढ्यात घेतला आणि तो कोणासाठी आहे हे विचारले. दफनाची रीत बदलणारे सिएरा लिओनमधले ते खेडूत आणि हेरवाडचे ग्रामस्थ यांची एकमेकांशी गाठ घालून देता आली असती, तर मला ऐकायला आवडले असते.

दादांचा दहावा आम्ही घराच्या गच्चीवरच केला. गुरुजी फोनवरून मंत्र सांगत होते. मी पिंड ठेवून मागे वळतो न वळतो तोच कावळ्याने तो उचलला. इतक्या वर्षांत असे मी पाहिले नव्हते. जिन्यात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना नेहमीच घाई." आणि त्या दिवसांत प्रथमच आम्ही दोघेही थोडे हसलो.

त्या संपूर्ण काळात घरी कोणीही येऊ शकले नाही. शेजारणी आल्या नाहीत, नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका आल्या नाहीत. आमच्या घराण्यात जे करण्याची रीत आहे ते करायला हातच नव्हते. वर्षश्राद्धाच्या दिवशी एका मावशींनी वहिनींच्या कपाळाकडे आणि हातांतल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, पण वहिनींना ते कळले. "त्या वेळी कोणी आलेच नाही ना, म्हणून राहिले," त्या म्हणाल्या, आणि वाढायला आत गेल्या.